शटडाउनमध्ये बिनपगारी घरी: काय केलं, काय मिळालं, काय वाया गेलं

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ अमेरिकेत शटडाउन होतं, म्हणजे काँग्रेसने (इथल्या संसदेने) खर्च मंजूर न केल्यामुळे बरीच सरकारी कामं बंद होती. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं की शटडाउनमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत, बेरोजगारी भत्ता मिळतो का, इन्शुरन्स चालू राहतो का, बुडालेला पगार खरंच हातात पडतो का. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय. लिहायची घाई अशासाठी होती की १२ नोव्हेंबरला जो कायदा झाला त्यात शेती खातं, माजी सैनिक आणि सैन्याची बांधकामं आणि खुद्द काँग्रेसचा खर्च एवढ्यांचीच वर्षभराची सोय झाली, बाकी सगळी खाती ३० जानेवारी २०२६ पर्यंतच सुरक्षित होती. म्हणजे थंडीतच परत हीच वेळ येऊ शकत होती.

मी मेरीलँडमध्ये राहते, अमेरिकेची नागरिक आहे आणि एका केंद्र सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. नद्यांच्या पाण्याचे नमुने येतात, त्यातलं नायट्रेट, अमोनिया वगैरे मोजायचं हे माझं काम. नवरा खासगी कंपनीत आहे, त्यामुळे आमच्या घरी चूल बंद पडणार नव्हती हे आधीच सांगते, एकट्याच्या सरकारी पगारावर घर चालवणाऱ्यांचे हाल फार वेगळे होते. तरी दोन मुलं, त्यातलं धाकटं डेकेअरला, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, म्हणजे एक पगार थांबला की पहिल्या महिन्यातच जाणवतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ऑफिसात सगळे म्हणत होते की होईल काहीतरी, शेवटच्या रात्री करतातच. इथलं सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्याआधी काँग्रेसने खर्चाची १२ विधेयकं मंजूर करायची असतात. यंदा त्यातलं एकही झालेलं नव्हतं. हे यंदाचंच नाही, सगळी विधेयकं वेळेत झाली असं शेवटचं घडलं ते १९९६ साली, त्यानंतर दरवर्षी तात्पुरती मुदतवाढ घेऊन ढकलत नेतात. यंदा ती मुदतवाढसुद्धा अडकली. हाउसने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) १९ सप्टेंबरला २१ नोव्हेंबरपर्यंतची मुदतवाढ मंजूर केली आणि सदस्य घरी गेले. सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, पुढे जायला ६० मतं लागतात, रिपब्लिकनांकडे ५३ जागा, डेमोक्रॅट म्हणाले आरोग्य विम्यावरची वाढीव सबसिडी वर्षाअखेर संपतेय ती आधी वाढवा, रिपब्लिकन म्हणाले आधी सरकार उघडा मग बोलू. एवढ्यावर गाडी थांबली ती थांबलीच.

एक गोष्ट सगळ्यांना कळकळीने सांगते. शटडाउनची नुसती कुणकुण लागली तरी आपली कागदपत्रं काढून ठेवा. एसएफ-५० (नोकरीचा पुरावा देणारा फॉर्म), शेवटच्या दोनतीन पगाराच्या स्लिपा आणि बेरोजगारी भत्त्यासाठी लागणारा एसएफ-८. बऱ्याच ऑफिसांत हे सगळं पीआयव्ही कार्ड (सरकारी ओळखपत्र) घालून सरकारी लॅपटॉपवरच उघडतं आणि एकदा घरी पाठवलं की त्या लॅपटॉपला हात लावायची, कामाची मेल बघायचीसुद्धा परवानगी नसते. मी सगळं छापून एका फाइलला लावून घरी आणलं होतं आणि पुढे प्रत्येक पायरीवर ती फाइल कामी आली.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी कामावर जायचं, पण जास्तीत जास्त चार तास आणि तेही फक्त आवराआवरीसाठी. फर्लोचं, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेचं, पत्र मिळालं. त्यात लिहिलेलं असतं की तुमचं काम तूर्त थांबवलंय, ही शिक्षा नाही, परत बोलावेपर्यंत घरी थांबा. काही सहकारी ‘एक्सेप्टेड’ ठरले, म्हणजे त्यांनी यायचं, काम करायचं, पगार मात्र कुणालाच नाही. आमच्याकडे इमारतीची आणि केमिकल्सची सुरक्षा बघायला मोजकी माणसं ठेवली होती. नमुने तपासणं त्यात बसत नव्हतं.

त्या दिवशी कोल्ड रूममध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या बाटल्या होत्या. पाण्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणलेल्या, ६ अंशांखाली ठेवलेल्या, प्रत्येकीवर नदीचं नाव, तारीख, वेळ. असे नमुने २८ दिवसांच्या आत तपासावे लागतात, त्यानंतर मोजलेला आकडा ग्राह्य धरत नाहीत. सप्टेंबर म्हणजे नदीत पाणी कमी असण्याचा काळ, वर्षभराच्या नोंदीत त्या नमुन्यांना स्वतःची जागा असते आणि ते नंतर परत गोळा करता येत नाहीत. मी आणि माझा एक सहकारी तिथे उभं राहून तारखा वाचत होतो. वरिष्ठांना विचारलं, त्या म्हणाल्या अगं माझ्या हातात काही नाही, कायद्यानेच मनाई आहे, पैसे मंजूर नसताना काम करवून घेतलं तर तो गुन्हा ठरतो. ते खरंही आहे. शेवटी दार लावून, ऑटो-रिप्लाय ठेवून दुपारच्या आत घरी आले.

साताऱ्याला फोन केला तर बाबांना पटेचना. ते जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेत, सगळी हयात बिलं पास करण्यात गेली. म्हणाले, “अगं, सरकारी नोकरी ना तुझी, मग पगार थांबलाच कसा? बजेट नाही झालं तर लेखानुदान घ्यायचं, त्यात काय एवढं?” मी म्हटलं बाबा, तसंच काहीतरी इथेही असतं, पण तेच पास होत नाहीये. मग म्हणाले, “आपल्याकडे पैशाचं विधेयक पडलं तर सरकार पडतं, मग तिकडे कोण पडलं?” कोणीच नाही, असं सांगताना मलाच कसंतरी झालं. राष्ट्राध्यक्ष तेच, काँग्रेस तीच, कोणाची खुर्ची हलत नाही. त्यांना आणखी एक सांगितलं, की १९८० पर्यंत मंजुरीत खंड पडला तरी इथली कार्यालयं बहुतांशी चालूच राहायची, त्या वर्षी ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्याचा अर्थ लावला की पैसे नाहीत तर काम बंद, तेव्हापासून हे कुलूप लावणं सुरू झालं. म्हणजे ही काही घटना लिहिणाऱ्यांनी आखलेली व्यवस्था नाही, मनात आणलं तर काँग्रेस एका कायद्याने ती बदलू शकते.

पहिला आठवडा मुलांच्या मागे धावण्यात गेला. खरी धास्ती ७ ऑक्टोबरला बसली. त्या दिवशी बातमी आली की व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसमध्ये एक मसुदा तयार झालाय, त्यानुसार घरी बसवलेल्यांना मागचा पगार आपोआप मिळेलच असं नाही. आता २०१९ च्या जानेवारीत, आधीच्या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये, यासाठीच कायदा झाला होता की यापुढे शटडाउन झालं तरी मागचा पगार नक्की मिळणार. तो कायदा आम्ही पाठ असल्यासारखा एकमेकांना सांगत होतो आणि अचानक तोच डगमगायला लागला. पाठोपाठ १० तारखेला वेगवेगळ्या खात्यांत सुमारे ४,००० लोकांना कायमचं काढण्याच्या नोटिसा गेल्या (नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी त्या थांबवल्या). त्याच दिवशी माझा अर्धवट पगार आला, ३० सप्टेंबरपर्यंतचा. रात्री झोप लागेना. नवरा म्हणाला आता फक्त पुढच्या पगाराच्या तारखेपर्यंतचा विचार करू, आणि खरंच तसंच दोन दोन आठवड्यांचं गणित मांडत राहिलो.

मग बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला. हा अर्ज ज्या राज्यात नोकरीचं ठिकाण आहे तिथे करायचा, राहता त्या राज्यात नाही. व्हर्जिनियात राहून डीसीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने म्हणूनच डीसीत अर्ज केला. फर्लोवर असाल तरच पात्र, बिनपगारी का होईना पूर्णवेळ कामावर जात असाल तर सहसा मिळत नाही. केंद्र सरकारी पगाराची नोंद राज्याच्या सिस्टीममध्ये आपोआप नसते, राज्य तुमच्या ऑफिसकडे विचारणा पाठवतं, पण ऑफिसातले उत्तर देणारेच घरी बसलेले. अशा वेळी स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आणि पगाराच्या स्लिपा चालतात, म्हणून परत सांगते, स्लिपा छापून ठेवा. फॉर्म भरायला एक संध्याकाळ जाते. हेल्पलाइनवर लाइन मोठी असायची, मी सकाळी सुरू होताच फोन लावायला लागले तेव्हा नंबर लागला, आणि पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे एकेक रकाना समजावून सांगितला. मेरीलँडमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ४३० डॉलर मिळतात. दर आठवड्याला ऑनलाइन क्लेम टाकावा लागतो, तो चुकवू नका. काम शोधताय का असा प्रश्न त्यात असतो, परत बोलावणार असल्याचं पत्र हातात असेल तर कोणता नियम लागतो ते आपापल्या राज्याला विचारून घ्या. पैसे यायला नोव्हेंबर उजाडला.

दरम्यान घराच्या कर्जवाल्या बँकेला फोन केला. फर्लोचं पत्र पाठवलं की हप्ता पुढे ढकलतात, पण ढकललेला हप्ता नंतर एकरकमी द्यायचा की कर्जाच्या शेवटी जोडायचा हे लेखी घ्या. आम्ही हप्ता भरत राहिलो आणि गाडीचा ढकलला. क्रेडिट युनियनने (सभासदांच्या पतसंस्थेने) पगाराएवढं बिनव्याजी कर्ज देऊ केलं होतं, त्यांच्याकडे पगार थेट जमा होत असेल तर. मी ते पहिल्या पूर्ण बुडालेल्या पगाराला, म्हणजे २४ ऑक्टोबरला घेतलं. डेकेअरचे महिन्याला १,८५० डॉलर, मूल काढलं तर जागा जाते आणि परत वेटिंग लिस्टवर सहा महिने. त्यांच्याशी बोलून अर्धे पैसे भरून जागा राखून घेतली, विचारल्याशिवाय हे कोणी देत नाही. आरोग्य विमा चालू राहतो, त्याची काळजी करू नका, आपल्या वाट्याचा हप्ता साठत जातो आणि नंतर पगारातून कापतात. रिटायरमेंट खात्यातून पैसे काढायचा विचार अगदी शेवटी करा, वयाची अट पुरी नसेल तर टॅक्स आणि वर १० टक्के दंड बसतो.

दिवाळी या सगळ्याच्या मधोमध आली. २० तारखेला नरक चतुर्दशी, २१ ला लक्ष्मीपूजन. दरवर्षी आमच्या इथल्या एक काकू फराळाच्या ऑर्डरी घेतात, यंदा मी घरीच होते म्हणून चकल्या, शंकरपाळे, चिवडा सगळं स्वतः केलं. मुलांना फार मजा आली. पण त्याच आठवड्यात त्या बाटल्यांचे २८ दिवस भरत होते. चकलीचं पीठ मळताना मनात एकेका नदीची तारीख येत होती, आज अमुक गेली, उद्या तमुक जाईल. काम करायला मी तयार, मशीन तयार, नमुने तयार, आणि कायदा म्हणतो हात लावायचा नाही. आळस केला म्हणून काम राहिलं तर त्याचा दोष आपला असतो, इथे ते धरून ठेवलेलं होतं.

याच काळात फोन करायला लागले. आमच्या हाउस प्रतिनिधींचं ऑफिस, दोन्ही सिनेटर. फोन उचलणारी मुलं विशी-पंचविशीतली आणि ऑक्टोबरअखेरीस त्यांचाही पगार थांबला, कारण यंदा काँग्रेसच्या खर्चाचं विधेयकही अडकलेलं होतं. सदस्यांचा पगार मात्र चालू, वर्षाला १,७४,००० डॉलर, त्याची तरतूद कायमची आहे. काही सदस्यांनी आपला पगार रोखून ठेवा असं पत्र दिलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. एका मुलीने माझं सगळं म्हणणं लिहून घेतलं आणि विचारलं की बाटल्यांची गोष्ट आम्ही वापरू शकतो का. वापरा म्हटलं. फोन करताना आपला पिन कोड सांगा, एकच मुद्दा सांगा, आणि फॉलोअप हवा असेल तर तसं स्पष्ट मागा, नाहीतर फक्त बाजूने-विरोधात अशी नोंद होते.

सिनेटचं थेट प्रक्षेपण मी इतकं बघितलं की क्लार्कचा आवाज ओळखीचा झाला. तेच विधेयक, तेच मतदान, तोच निकाल, ६० ला निदान पाच मतं कमी. एकच मुदतवाढ चौदा वेळा मताला टाकली आणि चौदाही वेळा पडली. मधल्या काळात वाटाघाटी कितपत झाल्या ते दिसतच होतं. आणि हाउस तर १९ सप्टेंबरनंतर थेट १२ नोव्हेंबरला मतदानाला बसलं. स्पीकर माइक जॉन्सन यांनी सभागृह भरवलंच नाही, ॲरिझोनातून २३ सप्टेंबरला निवडून आलेल्या ॲडेलिटा ग्रिहाल्वा यांचा शपथविधीसुद्धा तोपर्यंत अडला. विम्याचा प्रश्न खरा होता, माझ्या ओळखीतल्या छोट्या धंदेवाल्यांचे हप्ते भयंकर वाढणार होते, त्यासाठी भांडायलाच हवं होतं. पण भांडायला समोरासमोर बसावं लागतं. दोन्ही बाजू एकमेकांना दमवायला बघत होत्या आणि दमत होतो आम्ही.

नोव्हेंबर सगळ्यात वाईट. १ तारखेपासून फूड स्टॅम्पचे (गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे) पैसे अडले, देशभरात सुमारे ४ कोटी २० लाख लोक त्यावर होते. मी फूड बँकेत मदतीला जायचे, तिथे गळ्यात सरकारी ओळखपत्र असलेली माणसं रांगेत होती. ७ तारखेपासून विमानं कमी करायला घेतली कारण बिनपगारी विमान वाहतूक कंट्रोलर थकले होते. त्याच दिवशी माझा दुसरा पूर्ण पगार बुडाला.

९ नोव्हेंबर, रविवार रात्र. आठ जण पलीकडून आले आणि ६०-४० झालं. आमच्या मेरीलँडच्या दोन्ही सिनेटरांनी विरोधात मत दिलं, शेजारच्या व्हर्जिनियाचे टिम केन बाजूने गेले आणि नोकरकपातीच्या त्या नोटिसा मागे घ्यायची अट त्यांनी कायद्यात घालून घेतली. मला केन यांचं पटलं. १२ तारखेला हाउसमध्ये २२२-२०९, रात्री राष्ट्राध्यक्षांची सही. त्रेचाळीस दिवस, तोवरचं सगळ्यात लांबलेलं. मागचा पगार देण्याचं कायद्यात स्पष्ट लिहिलंय हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. आणि त्याच पॅकेजात एक कलम निघालं, की सिनेटरला न कळवता त्याच्या फोनचे तपशील सरकारने घेतले असतील तर तो सरकारवर दावा लावून निदान ५,००,००० डॉलर भरपाई मागू शकेल. आमचे पगार सोडवणाऱ्या कायद्यात स्वतःसाठी ही सोय! आठवड्याभरात हाउसने ते रद्द करण्याच्या बाजूने ४२६-० मत दिलं, म्हणजे किती उघडंनागडं होतं ते समजा.

१३ तारखेला कामावर गेले. पासवर्ड संपलेले, त्यात सकाळ गेली. मग कोल्ड रूम. एकेक बाटली काढून रजिस्टरमध्ये मुदत संपल्याची नोंद करायची, ॲसिड उदासीन करायचं आणि पाणी ओतून द्यायचं. ती गोळा करायला माणसं गाडीने तास-तास गेली होती, कंबरभर पाण्यात उतरली होती, त्याचे पैसे आधीच खर्च झालेले. ती ओतून टाकायचाही आम्हाला पगार मिळाला आणि ती तपासू नका म्हणून घरी बसवल्याचाही. काँग्रेसच्याच बजेट ऑफिसचा अंदाज होता की घरी बसवलेल्यांच्या पगार-भत्त्यांची किंमत दिवसाला सुमारे ४० कोटी डॉलर, आणि सहा आठवडे चाललं तर अर्थव्यवस्थेचं कधीच भरून न येणारं नुकसान ११ अब्ज डॉलरच्या आसपास. खर्चाला शिस्त लावण्याच्या नावाखाली ज्यांनी भाषणं केली त्यांनी हे आकडे बघावेत. आमची प्रयोगशाळा झाडणाऱ्या ताई कंत्राटदाराच्या माणूस, त्यांना मागचा पगार नाही, कायदा कंत्राटी लोकांना लागूच नाही. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून दिली, पण ती कुठे पुरणार.

माझा मागचा पगार पुढच्या आठवड्यात एकरकमी आला. रक्कम कमी वाटली तर घाबरू नका, विम्याचे साठलेले हप्ते कापलेले असतात, टॅक्सही एकदम कापला जातो. स्लिप उघडून तास मोजा, साठायच्या सुट्ट्या जमा झाल्यात का बघा, आमच्याकडे एकाचा एक आठवडा राहून गेला होता, तो टाइमशीट दुरुस्त करून मिळाला. क्रेडिट युनियनचं कर्ज त्याच दिवशी फेडलं.

भत्ता मात्र परत करावा लागतो, कारण त्याच आठवड्यांचा पगार मिळाला. पत्र येईपर्यंत ते पैसे वेगळे ठेवा, खर्चू नका. माझं पत्र थँक्सगिव्हिंगनंतर आलं, ऑनलाइन एकदम भरले. याच कॅलेंडर वर्षात भरलेले बरे, टॅक्सच्या वेळी गोंधळ कमी होतो. पावतीची प्रत त्याच फाइलला लावलीय, आणि आता त्यात नवी एसएफ-५० आणि नोव्हेंबरच्या स्लिपाही आहेत. कोणाला अर्जाबद्दल काही अडलं तर विचारा, माझ्याकडे सगळ्या फॉर्मांचे नमुने आहेत.